अँबॅसेडर मार्क ३ ला पॉवर ब्रेक : बूस्टर बसवू की नको?

खडपातला_बोंडू (धागाकर्ता)

मंडळी, गाडी १९७७ ची मार्क ३. १४८९ सीसी पेट्रोल, स्टिअरिंगवरचे गिअर, चारही चाकांना ड्रम. बाबांनी १९८६ साली कोल्हापूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली, तेव्हापासून देवगडातच आहे. बूस्टर नाही, सगळा जोर पायाचा.

बाबा आता ७४ चे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण गाडी सोडायला तयार नाहीत. गेल्या महिन्यात नांदगावच्या अलीकडे रस्त्यात म्हैस आडवी आली. मी बाजूला बसलो होतो. बाबांनी पेडलवर दोन्ही पाय दिले, तरी गाडी म्हशीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हैस जागची हलली नाही, आमच्याकडे बघत राहिली.

कणकवलीतले एक मेस्त्री म्हणतात, 'ओम्नीचा बूस्टर टाकतो, दोन दिवसांत देतो.' कुडाळचे मेस्त्री म्हणतात, 'या गाडीला बूस्टर बसतच नाही.' कोणाचं ऐकू? कोणी केलंय का हे काम?

---

चाकरमानी_परळ

म्हशीला हॉर्न ऐकू आला नसेल. आधी तो पॉवरफुल करा.

(गंमत केली. वाचतोय, आमच्याही पडवीत एक उभी आहे.)

---

लेथवाला

बोंडूशेठ, दोन्ही मेस्त्री अर्धे अर्धे बरोबर आहेत. का ते नंतर सांगतो. आधी मला सांगा, ब्रेक 'कडक' म्हणजे नक्की कसा?

१) पेडल वरच दगडासारखं लागतं आणि गाडी थांबत नाही?
२) पेडल खाली जातं, दोन-तीनदा पंप केल्यावर धरतं?
३) गाडी एका बाजूला ओढते?

तिन्हींची कारणं वेगळी, आणि बूस्टर यातल्या एकाचाही इलाज नाही.

बूस्टर करतो काय ते सांगतो, कारण निम्म्या लोकांना वाटतं की त्याने ब्रेकच बदलतो. तो एक पत्र्याचा डबा असतो, मध्ये रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूची हवा इंजिनाचा मॅनिफोल्ड (इंजिनात हवा-पेट्रोल नेणारा पाइप) ओढून घेतो. तुम्ही पेडल दाबलं की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा आत येते आणि पडदा ढकलते. सात इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण २४८ चौरस सेंटिमीटर. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये पाऱ्याच्या ४५० मिलिमीटरएवढी ओढ (व्हॅक्यूम) धरली तर दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ०.६ किलो. गुणाकार करा : दीडशे किलो. एवढा जोर फुकटात मिळतो.

पण हा जोर तुमच्या *पायाला* मिळतो. पुढे ड्रम, शूवरचे लायनर (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्या), चाकातले सिलिंडर (ऑइलच्या दाबाने शू ढकलणारे) आहेत तेच राहतात. एका चाकाचा सिलिंडर गंजून अडकलेला असेल तर बूस्टर उरलेल्या तीन चाकांवर जास्त जोर देईल आणि गाडी आणखी जोरात एका बाजूला जाईल.

आणखी एक. ड्रम ब्रेकमध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमकडे खेचला जातो, थोडी मदत त्याला स्वतःचीच मिळते. डिस्कला ही सोय नाही, म्हणून डिस्क आली की बूस्टर जवळजवळ आलाच. चारही ड्रमची अँबॅसेडर बूस्टरशिवाय नीट थांबायला हवी. कारखान्यातून ती तशीच निघाली होती.

---

मालवणी_मेस्त्री

अरे बाबा, आदी चारय चाकां खोलून बघ. बूस्टर खंय पळान जाणा नाय.

---

खडपातला_बोंडू

लेथवाला काका, पहिला प्रकार. पेडल वरच दगड. थोडी डावीकडे ओढते, पण बाबा म्हणतात 'ती पहिल्यापासून ओढते'. रविवारी चाकं खोलतो.

---

सुरंगीचा_वळेसर

खोलताना एक काळजी घे बोंडू. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ड्रम निघाला की आतली काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची सगळ्या गॅरेजांना सवय. तसं अजिबात करू देऊ नकोस. ओल्या फडक्याने पुसायची आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. माझ्या वडिलांचं तीस वर्षं गॅरेज होतं, तेव्हा हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

---

खडपातला_बोंडू

खोलली. फोटो चढत नाहीयेत, लिहूनच सांगतो.

पुढच्या प्रत्येक चाकात दोन सिलिंडर. उजव्या चाकाचे दोन्ही पिस्टन गंजून जागेवरच बसलेले. मेस्त्रींनी पान्याच्या टोकाने ठोकलं तरी हलेनात. म्हणजे उजवं पुढचं चाक थांबवण्याच्या कामात नव्हतंच, म्हणून गाडी डावीकडे ओढत होती. डाव्या चाकाचे लायनर वापरून गुळगुळीत, बोट फिरवलं तर काचेवर फिरल्यासारखं. मागच्या डाव्या ड्रममध्ये अ‍ॅक्सलचं ऑइल झिरपून शू निथळत होता. रबरी होज पाइप वाकवला की भेगा उघडतात.

मास्टर सिलिंडरमधलं (पेडलचा जोर इथूनच ऑइलवर जातो) ब्रेक ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं, तळाशी गाळ. बाबांना विचारलं, शेवटचं कधी बदललं? म्हणाले, 'कमी झालं की टाकतो की.'

म्हणजे ३८ वर्षं नुसती भर.

---

मालवणी_मेस्त्री

तुझी गाडी दीड चाकार थांबा होती. म्हशीक नारळ दी.

---

सुरंगीचा_वळेसर

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, बाटली उघडी राहिली तरी. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या आत उकळू नये अशी अट असते. पाणी धरल्यावर ती अट १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही बुरशी येते, तिथे मास्टरच्या झाकणाचं काय घेऊन बसलात. देशावरचे लोक दोन वर्षांनी बदलतात, आपण दरवर्षी पावसाळा संपला की बदलावं. आणि हेच पाणी सिलिंडरला आतून गंजवतं. बाहेरून खारी हवा आहेच.

गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. शू ड्रमला चिकटतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

---

लेथवाला

सिलिंडरचे किट नुसते बदलू नका, आतून बोट फिरवून बघा. खड्डे लागले तर सिलिंडरच नवा. रबर नवं आणि भिंत खडबडीत असेल तर दोन महिन्यांत परत गळणार. ड्रम लेथवर फिरवून घ्या, पण एका अ‍ॅक्सलचे दोन्ही सारखेच. पोलादी पाइप गंजले असतील तर तांबे-निकेलचे मिळतात, खाऱ्या हवेत ते टिकतात. नुसत्या तांब्याचा फ्रिजचा पाइप कोणी देऊ केला तर घेऊ नका.

---

खडपातला_बोंडू

अडीच आठवड्यांनी येतोय. सिलिंडर मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळाले, ड्रम कोल्हापूरच्या उद्यमनगरात फिरवून आणले. नवे लायनर, होज, सील, पाइप, डॉट ४. पाइपांतली एअर काढायला मी आणि मेस्त्री दोन तास होतो. सर्वांत लांबच्या मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात, मी आत बसून 'दाबलं... धरलं...' ओरडतोय, शेजारचा पोरगा बाहेर माझी नक्कल करतोय.

फरक? मी चालवली तर वेगळीच गाडी वाटते. सरळ थांबते. बूस्टरचा विषय माझ्यापुरता संपला होता.

मग बाबा बसले. तीन-चार वेळा थांबवून बघितली, गाडी झकास थांबली. उतरले आणि गुडघा धरून पायरीवर बसले. बोलले काहीच नाहीत. तासाभराने म्हणाले, 'त्या डब्याचं काय झालं?'

तेव्हा डबा बसवायचाच आहे. कसा, ते सांगा.

---

लेथवाला

आता बूस्टर मागण्यात अर्थ आहे.

तर कुडाळचे मेस्त्री काय म्हणत होते ते बघू. ओम्नीचा, मारुतीचा बूस्टर पेडल आणि मास्टर यांच्या *मध्ये* बसतो, कारण तिथे पेडल वरून लोंबतं आणि मास्टर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर) असतो. मार्क ३ मध्ये पेडल फ्लोअरमधून वर येतं आणि मास्टर तुमच्या पायाखाली. तिथे जेवणाच्या ताटाएवढा डबा घालायचा तर फ्लोअर कापा, नाहीतर पेडलची सगळी रचना फायरवॉलवर हलवा. लोक करतात, पण वेल्डिंग चुकलं तर भर ब्रेकला पेडल वाकतं. बाबांच्या गाडीत हे करू नका.

दुसरा मार्ग : रिमोट सर्व्हो, म्हणजे वेगळ्या जागी बसणारा बूस्टर. हा पेडलला जोडलेला नसतो. मास्टरमधून निघालेला पाइप याच्यात जातो, याच्यातून दाब वाढून चाकांकडे जातो. मास्टर, पेडल जागच्या जागी. तुमच्या इंजिनाच्याच बी-सिरीज घराण्यातल्या एमजीबी या ब्रिटिश गाडीला लॉकहीड कंपनीचा असा सर्व्हो यायचा. त्यामुळे हे काम इंजिनाला नवं नाही.

बसवताना :

ओढ मॅनिफोल्डवरूनच घ्या, कार्ब्युरेटरच्या खालून. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक नळी दिसली की मेस्त्रींना तिथे टी-जोड टाकायचा मोह होतो. त्या नळीला आयडलिंगला ओढच नसते, म्हणजे सिग्नलला थांबताना बूस्टर झोपलेला. मॅनिफोल्डला भोक पाडायचं तर तो *उतरवून* पाडा, नाहीतर धातूचा चुरा इंजिनात जाईल.

मध्ये वन-वे व्हॉल्व्ह हवाच. नळी व्हॅक्यूमचीच घ्या. पेट्रोलची किंवा गॅसची नळी ओढीने चपटी होते, आणि बाहेरून बघून कळतही नाही.

जागा : सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब, चाकाच्या शिंतोड्यांपासून लांब. बनवणाऱ्याने सांगितलेल्या कोनातच बसवा, नाहीतर आत हवेचा बुडबुडा अडकून तुम्ही आठवडाभर एअर काढत बसाल.

आणि खरं सांगू? तुमचा मास्टर सिंगल आहे. एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. बूस्टर लावा, पण हँडब्रेक एवढा चोख ठेवा की उतारावर गाडी त्याच्यावर थांबली पाहिजे. तुमची दुसरी लाइन तीच.

---

मूळ_रूप

वाचून वाईट वाटलं. ४८ वर्षं जशीच्या तशी राहिलेली गाडी, तिच्या मॅनिफोल्डला भोकं पाडायला निघालात. बाबांना ऑटोमॅटिक मारुती घेऊन द्या, ही जपा. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही. पुढे व्हिंटेज नोंदणीला अडेल.

---

लेथवाला

कायद्याचं म्हणाल तर कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांबद्दल आहे, आणि आरसीवर इंजिन, बॉडी, इंधन, आसनं असतात, ब्रेकचा बूस्टर मी तरी पाहिलेला नाही. व्हिंटेजचे नियम २०२१ चे : पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली हवीत, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीला २० हजार फी. पण ती गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेपुरतीच. बोंडूचे बाबा ती मासळी आणायला नेतात. तरी शंका नको म्हणून आरटीओत विचारून घ्या, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

मूळ मॅनिफोल्ड जपून ठेवायचा असेल तर जुन्या बाजारातून दुसरा घ्या आणि भोक त्याला पाडा. एवढं मूळ_रूप यांचं मी ऐकतो.

---

मूळ_रूप

हे चालेल.

---

डिझेल_अँबी

मध्येच विचारतो, माझी डिझेल आहे. मॅनिफोल्डवर भोक पाडलं तर चालेल?

---

लेथवाला

नाही. डिझेलला हवेची झडप नसते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये ओढ तयारच होत नाही. वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरच्या मागे असतो. वेगळा धागा काढा.

---

फोंडा_घाट_वरखाली

बाबांना एक गोष्ट बजावून सांगा, आणि हात जोडून सांगा.

आमच्या जुन्या ड्रायव्हर मंडळींची सवय काय? दाजीपूर सोडलं, घाटाचं तोंड लागलं की चावी बंद, गिअर न्यूट्रल, गाडी फुकटात फोंड्यापर्यंत. माझे काका असेच उतरायचे आणि खाली पोचल्यावर 'एवढं पेट्रोल वाचलं' म्हणून बोटं मोजायचे. बिनबूस्टरच्या गाडीत तेही धोक्याचंच होतं, पण निदान पेडल रोजच्यासारखं लागायचं.

बूस्टरच्या गाडीत इंजिन बंद म्हणजे ओढ बंद. डब्यात साठलेल्या ओढीवर एक-दोन ब्रेक लागतात. तिसऱ्याला पेडल दगड. आणि ज्या पायाला हलक्या ब्रेकची सवय झाली त्याला तो दगड दुप्पट जड वाटतो. आमच्या ओळखीतल्या एकाने मारुती घेतल्यावर जुन्या सवयीने असंच केलं, तिसऱ्या वळणावर गटारात. माणसं वाचली.

शिवाय बूस्टर आला म्हणून घाट ब्रेकवर उतरायचा नाही. हिशोब करा. माणसांसकट १३०० किलोची गाडी ५०० मीटर उतरली तर जी उष्णता होते, ती दोन किलोवॅटचा गीझर पाऊण तासाहून जास्त चालवल्याएवढी. ती सगळी चार ड्रममध्ये कोंबलीत तर ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो, लायनर सुटायला लागतं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. इंजिन चालू आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला, तेव्हा मॅनिफोल्डची ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणजे बूस्टरही ताजा.

---

खडपातला_बोंडू

काकांची 'बोटं मोजायचे' वाचून बाबा हसले आणि मग गप्प झाले. म्हणजे हेही तेच करायचे.

बूस्टर बसला. दुसरा मॅनिफोल्ड, नळी पेट्रोलची नाही, व्हॅक्यूमचीच. चाचणी कशी करायची?

---

लेथवाला

इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक होईपर्यंत. दाबून धरा आणि चावी मारा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. मग इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि दाबा. पहिला हलका, दुसरा जरा जड, तिसरा आणखी जड असं व्हायला हवं. पहिलाच दगड लागला तर कुठेतरी हवा घेतोय.

---

खडपातला_बोंडू

दोन्ही पास. पण काल वेगळाच प्रकार झाला.

नांदगावला निघालो. पाचेक किलोमीटरनंतर गाडी जड वाटायला लागली, तिसऱ्या गिअरला ओढेना. जळका वास. थांबलो, पुढच्या चाकाजवळ हात नेला तर झळ लागली. पेडल वरच, टच. गाडी ढकलली तर हलेना. अर्धा तास झाडाखाली बसलो, गार झाल्यावर आपोआप सुटली. परत तीन किलोमीटरवर तेच. सर्व्हो अडकला का?

---

मालवणी_मेस्त्री

पेडलाक खेळ आसा काय? बोटान दाबून बघ.

---

लेथवाला

मेस्त्रींनी बरोबर पकडलं. मास्टरमध्ये पिस्टनच्या पुढे सुईएवढं भोक असतं. पाय काढला की पिस्टन मागे जाऊन ते उघडं राहायला हवं, तापून फुगलेलं ऑइल तिथून टाकीत परत जातं. पेडलच्या दांड्याला मोकळा खेळ नसेल तर भोक बंद राहतं. ऑइल तापतं, फुगतं, जायला वाट नाही, ब्रेक स्वतःच लागतो, त्याने आणखी तापतं.

परत जॅम झाला की आधी दांड्याचा नट सैल करा. चाक सुटलं तर दोष तिथेच. तरीही सुटलं नाही तर मास्टरवरचा पाइप सैल करा. तेव्हा सुटलं तर मास्टरमध्ये, आणि फक्त चाकाचा (एअर काढायचा) निपल सोडल्यावरच सुटलं तर होज आतून बुजलाय किंवा सर्व्हो सोडत नाही.

---

जीप_५४०

माझ्या जीपलाही अशीच भानगड होती. तिथे बूस्टर मास्टरला चिकटून, आणि मधला दांडा केसभर लांब. आमच्या मेस्त्रींनी घरातून कणकेची गोळी मागवली. दांड्याच्या टोकाला चिकटवली, मास्टर बसवून आवळला, परत काढला आणि दबलेल्या कणकेची जाडी बघितली. काहीच उरली नव्हती. जेमतेम अर्धा मिलिमीटर फट ठेवली, आजतागायत जॅम नाही. आई अजून विचारते, गाडीला कणीक कशाला लागते.

---

खडपातला_बोंडू

पेडलला खेळ शून्य! मेस्त्रींनी 'पेडल वर घेऊन देतो' म्हणून दांडा आवळला होता. फ्लोअरची पट्टी काढून अर्धा आटा सैल केला, आणि पायाखाली 'टक्' असा बारीक आवाज आला. चाकं मोकळी. काल नांदगाव-कणकवली जाऊन आलो, ड्रम कोमट.

---

सुरंगीचा_वळेसर

आता पहिले सहा महिने मास्टरच्या टाकीवर लक्ष ठेव. ऑइल कमी होतंय, पण कुठेच गळताना दिसत नाही, आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय असं झालं, तर सर्व्होचा आतला सील गेलाय आणि इंजिन ब्रेक ऑइल पितंय. नुसती भर टाकत बसू नकोस. घरात ती परंपरा आहे म्हणून सांगते.

---

खडपातला_बोंडू

ताई, :)

आज बाबांनी स्वतः चालवली. मी बाजूला, आई मागे. आईने मावशीकडे द्यायला फणस घेतला होता, चांगला बारा-तेरा किलोचा, सीटवर शेजारी ठेवलेला. जामसंड्याच्या चढाआधी एक रिक्षा वळली आणि बाबांनी चाळीस वर्षांच्या सवयीने पाय दिला, अंगातला सगळा जोर लावून.

गाडी जागच्या जागी. फणस पुढे. दोन सीटच्या मधून येऊन माझ्या पायात. आईचा डोक्यावरचा पदर बाबांच्या खांद्यावर.

बाबा दोन मिनिटं स्टिअरिंग धरून बसले. मग म्हणाले, 'हलका आहे.'

---

लेथवाला

फणस पेडलखाली गेला असता तर? यापुढे डिकीत. आणि पावसाआधी व्हॅक्यूमच्या नळीच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा स्टीलच्या टाका, त्या आहेत त्या जुलैपर्यंत गंजतील.

---

खडपातला_बोंडू

क्लिपा आणल्या. फणस मावशीकडे पोचला, कापा निघाला.